साडेपाच सेकंदांचा विजय : ग्लेन कर्टिस आणि त्याचे द्विपंखी विमान

२८ ऑगस्ट १९०९ चा शनिवार. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील रँस शहराबाहेर बेतनीच्या विस्तीर्ण मैदानावर हजारो माणसे आकाशाकडे डोळे लावून उभी होती. आठवड्याच्या आरंभी पावसाने तिथे गुडघाभर चिखल केला होता. आता ऊन तापले होते आणि जमिनीवरून हवेचे झोत वर उसळत होते. त्या काळचे बहुतेक वैमानिक अशा हवेत यंत्र बाहेर काढायला धजत नसत. अमेरिकेहून आलेल्या एका अबोल, सडपातळ माणसाने मात्र हीच वेळ निवडली. त्याच्याजवळ एकच विमान होते, एकच इंजिन होते आणि सुटा भाग म्हणून जेमतेम एक प्रोपेलर. विमान मोडले असते तर शर्यत तिथेच संपली असती. त्याचे नाव ग्लेन हॅमंड कर्टिस.

त्या दिवशी त्याने जिंकलेली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत ही जगातील पहिली मोठी आंतरराष्ट्रीय विमानशर्यत मानली जाते. विजयाचे अंतर साडेपाच सेकंदांहून किंचित अधिक होते. एवढ्याशा फरकाने एका सायकल-मोटारसायकलवाल्याचे नाव जगभर पोहोचले. विमान जलद कशाने होते, या प्रश्नाची काही मूलभूत उत्तरेही त्याच मैदानावर मिळाली.

सायकलीपासून आकाशापर्यंत

कर्टिसचा जन्म २१ मे १८७८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट या तळ्याकाठच्या लहान गावात झाला. शालेय शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच. तारा पोहोचवणारा पोऱ्या म्हणून काम करताना सायकल हाती आली आणि पुढे तो सायकल शर्यतींत उतरला. मग सायकलींचे दुकान, त्यानंतर सायकलीला इंजिन बसवण्याचा उद्योग. सुरुवातीच्या एका इंजिनाचा कार्ब्युरेटर त्याने टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून बनवला होता.

त्याची इंजिने हलकी आणि भरवशाची असत. जानेवारी १९०७ मध्ये फ्लोरिडाच्या ऑर्मंड बीचवर आठ सिलिंडरांचे इंजिन जोडलेली मोटारसायकल त्याने ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेगाने पळवली. वाळूवर, दोन चाकांवर, शिरस्त्राणाशिवाय गाठलेला तो वेग पाहून वर्तमानपत्रांनी त्याला जगातील सर्वांत वेगवान माणूस ठरवले.

हलके इंजिन ही त्या काळातील उड्डाणवेड्यांची मुख्य अडचण होती. त्यामुळे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०७ मध्ये उड्डाणप्रयोगांसाठी जी छोटी मंडळी जमवली, तीत कर्टिसलाही बोलावणे आले. या मंडळींच्या ‘जून बग’ या विमानातून कर्टिसने ४ जुलै १९०८ रोजी आधी जाहीर केलेल्या ठिकाणी, लोकांच्या आणि परीक्षकांच्या समोर एक किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिकाचा चषक मिळवला. राईट बंधू १९०३ पासून उडत होते. पण त्यांनी आपले यंत्र अनेक वर्षे लोकांच्या नजरेपासून दूर ठेवले होते.

राईट बंधूंचा नकार

१९०९ च्या उन्हाळ्यात युरोपात विमानाचे वारे वाहू लागले होते. २५ जुलैला लुई ब्लेरिओने आपल्या एकपंखी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतले. महिनाभरातच रँसच्या शँपेन-उद्योजकांच्या आश्रयाने २२ ते २९ ऑगस्ट असा उड्डाणसप्ताह ठरला. अंतर, उंची, वेग अशा स्वतंत्र स्पर्धा होत्या. त्यांत मानाची शर्यत ‘न्यूयॉर्क हेरॉल्ड’चे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी ठेवलेल्या चषकाची. चषकासोबत रोख २५,००० फ्रँक मिळणार होते.

अमेरिकेच्या एरो क्लबने आधी राईट बंधूंनाच विचारले. त्यांनी शर्यतीत उतरण्यास नकार दिला. मग निवड कर्टिसवर आली. वेळ फार थोडा होता. त्याच्या हाताखालचे ‘गोल्डन फ्लायर’ हे विमान न्यूयॉर्कच्या एका वैमानिकी संस्थेला विकले गेले होते, त्यामुळे त्याच धर्तीचे, पण शर्यतीसाठी बदललेले नवे विमान बांधावे लागले. ते पुढे ‘रँस रेसर’ या नावाने ओळखले गेले.

याच ऑगस्टमध्ये राईट बंधूंनी कर्टिस आणि त्याच्या कंपनीवर पेटंटभंगाचा दावा दाखल केला. एका बाजूला देशाची शर्यत आणि दुसऱ्या बाजूला धंदाच बंद पाडू शकेल असा खटला, अशा स्थितीत तो शर्यतीत उतरला.

विमानात काय बदलले?

द्विपंखी विमान म्हणजे पंखांचे दोन मजले. वरचा आणि खालचा पंख लाकडी खांबांनी आणि ताणलेल्या तारांनी एकमेकांना जखडलेले असतात. पुलाच्या सांगाड्यासारखी ही रचना हलकी असूनही मजबूत राहते. तिचा दोष असा की प्रत्येक खांब आणि प्रत्येक तार वाऱ्याला अडवते. एकपंखी विमानात हा पसारा कमी, म्हणून हवेचा अवरोधही कमी. मात्र त्या काळच्या लाकडात आणि कापडात एकच पंख पुरेसा भक्कम करणे कठीण होते. रँसला ब्लेरिओचे विमान एकपंखी होते आणि कर्टिसचे द्विपंखी. कागदावर पाहिले तर वेगाच्या शर्यतीत ब्लेरिओचे पारडे जड होते.

कर्टिसचा पहिला बदल इंजिनाचा. ‘गोल्डन फ्लायर’ला चार सिलिंडरांचे इंजिन होते. नव्या विमानावर त्याने आठ सिलिंडरांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, पाण्याने थंड होणारे सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. मोटारसायकलीवर विक्रम करणाऱ्या इंजिनाचाच हा पुढचा अवतार म्हणता येईल. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे आणि प्रोपेलर त्याच्याही मागे, म्हणजे विमान मागून ढकलले जाई. वैमानिक पुढे, उघड्या वाऱ्यात बसे.

दुसरा बदल आकाराचा. पंख आटोपशीर ठेवले. मोठा पंख कमी वेगातही विमान उचलून धरतो, पण वेग वाढला की तोच पंख ओझे बनतो. शर्यतीच्या विमानाला रेंगाळत उडायचे नसते, त्यामुळे लहान पंख परवडतो. त्याची किंमत उतरताना मोजावी लागते, कारण असे विमान जमिनीला अधिक वेगाने टेकते.

तिसरा बदल वरवर किरकोळ वाटेल. वेगाच्या शर्यतीपूर्वी कर्टिसने पेट्रोलची मोठी टाकी काढून लहान टाकी बसवली. २० किलोमीटरच्या उड्डाणाला लागेल तेवढेच इंधन घ्यायचे. यामुळे वजन कमी झाले आणि वाऱ्यासमोर येणारा टाकीचा पृष्ठभागही घटला.

या काटकसरीमागे एक कठोर गणित आहे. विमानाचा वेग वाढतो तसा हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती जवळपास तेहतीस टक्के अधिक हवी. म्हणजे नुसते मोठे इंजिन लावून फारसे साधत नाही. त्यापेक्षा एक टाकी लहान करणे, एखादी तार कमी करणे, एखादा खांब बारीक करणे यांतून वेग स्वस्तात मिळतो. पुढील वीस वर्षे शर्यतींची विमाने बांधणाऱ्यांनी हाच हिशेब पुनःपुन्हा मांडला.

या विमानाची आणखी दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे त्याला तीन चाके होती, त्यामुळे ते कुठल्याही सपाट जमिनीवरून स्वतःच्या बळावर धावत उडे. राईट बंधूंच्या पद्धतीच्या विमानांना त्या वेळी घसरपट्टीचा रूळ लागे. दुसरे म्हणजे वळताना विमान कलते करण्याची पद्धत. राईट बंधू त्यासाठी अख्खा पंख तारांनी पिळत. कर्टिसच्या विमानात दोन पंखांच्या मधल्या जागेत, दोन्ही टोकांना छोटे फिरते फलक होते. त्यांना एलेरॉन म्हणतात. वैमानिकाच्या खांद्यांभोवती एक जू असे. तो ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला विमान कले. सायकल किंवा मोटारसायकल वळवताना अंग झुकते, तशीच ही क्रिया. त्यामुळे कर्टिसला ती अंगवळणी पडायला वेळ लागला नाही.

आठवडाभराचा संयम

सोमवारी, २३ ऑगस्टला कर्टिसने दहा किलोमीटरची एक फेरी ताशी ६९.८ किलोमीटर वेगाने पूर्ण करून जागतिक विक्रम केला. दुसऱ्याच दिवशी ब्लेरिओने ताशी ७४ किलोमीटरचा टप्पा ओलांडून तो मोडला. ब्लेरिओच्या विमानावरील इंजिन ८० अश्वशक्तीचे असल्याची चर्चा होती. कर्टिसचे इंजिन तेवढे नव्हते.

पुढील दिवसांत इतरांनी नवनवे विक्रम केले. आंरी फार्मांने तीन तासांहून अधिक काळ उडत सुमारे १८० किलोमीटर अंतर तोडले. ह्यूबर्ट लॅथमने १५५ मीटर उंची गाठली. मैदानावर कोसळलेल्या, चाके मोडलेल्या यंत्रांचे अवशेषही दिसू लागले. कर्टिसने मात्र विमान जपून ठेवले. छोट्या बक्षिसांसाठी उडावे, असा आग्रह होऊनही तो बधला नाही. मैदानातील अमेरिकन प्रेक्षकांचा हिरमोड झाला असेल; पण एकुलते एक यंत्र असलेल्या माणसाला दुसरा मार्ग नव्हता.

२८ ऑगस्ट : सोळा मिनिटे

गॉर्डन बेनेट शर्यतीत विमाने एकत्र सुटत नसत. प्रत्येकाने ठरलेल्या वेळेत केव्हाही उडायचे, दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्या घ्यायच्या आणि घड्याळ निकाल देणार. उड्डाण सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत करता येई. म्हणून वेळेची निवड हाही डावाचा भाग होता. संध्याकाळी हवा शांत होते. त्यामुळे बहुतेकांचा कल उशिरा उडण्याकडे होता.

कर्टिसने सकाळीच एक सराव फेरी घेतली. हवा इतकी उसळत होती की विमान हेलकावे खात होते आणि त्याला भीती वाटल्याचे त्याने पुढे स्वतःच नमूद केले. पण उतरल्यावर घड्याळाने वेगळीच गोष्ट सांगितली. फेरी ७ मिनिटे ५५ सेकंदांत झाली होती, आधीच्या कोणत्याही फेरीपेक्षा जलद. खवळलेल्या हवेतच आपला वेग वाढतो, असा निष्कर्ष काढून त्याने तत्काळ शर्यतीचे उड्डाण करण्याची परवानगी मागितली.

त्याच्या निष्कर्षाचे शास्त्रीय स्पष्टीकरण सरळ नाही. खडबडीत हवा स्वतःहून विमानाला वेग देत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा झोत मिळाला, तर मात्र वैमानिकाला उंची न गमावता नाक किंचित खाली ठेवता येते आणि वेग वाढतो. पुढे उतरता झोत आला की हा लाभ परतही जातो. पण कर्टिससमोर प्रश्न उपपत्तीचा नव्हता. त्याच्या हाती एक मोजमाप होते आणि त्याने भीतीपेक्षा त्या मोजमापावर विश्वास ठेवला.

उड्डाण घेतल्यावर त्याने आधी उंची गाठली. मग इंजिन पूर्ण वेगात ठेवून उतरत येत आरंभरेषा ओलांडली. म्हणजे उंचीत साठवलेली ऊर्जा घड्याळ सुरू होण्याच्या क्षणी वेगात बदलली. पुढे प्रत्येक वळणावर त्याने विमान चांगलेच कलते करून खुणेच्या मनोऱ्याला अगदी जवळून वळसा घातला. पहिली फेरी ७ मिनिटे ५७.४ सेकंदांत आणि दुसरी ७ मिनिटे ५३.२ सेकंदांत झाली. एकूण १५ मिनिटे ५०.६ सेकंद, सरासरी वेग ताशी सुमारे ७५.७ किलोमीटर.

त्यानंतर त्याच्या वाट्याला फक्त वाट पाहणे आले. ब्रिटनचा कॉकबर्न गवताच्या गंजीला धडकून बाद झाला. लॅथमचे एकपंखी विमान दीड मिनिटाहून अधिक मागे राहिले. राईट पद्धतीचे विमान उडवणारा ल्यफेव्र त्याच्याही मागे. ब्लेरिओ दिवसभर यंत्रात फेरफार करत, चाचण्या घेत राहिला आणि दिवस कलता कलता शर्यतीसाठी उडाला. त्याचा वेग पाहून कर्टिसलाही आपण हरलो असे वाटले. ब्लेरिओ उतरला, परीक्षकांकडे गेला. पण फ्रेंच प्रेक्षकांत अपेक्षित जल्लोष उठला नाही. थोड्याच वेळात अमेरिकन एरो क्लबचे अध्यक्ष कोर्टलंड बिशप धावत आले आणि त्यांनी कर्टिसला निकाल सांगितला. ब्लेरिओची वेळ १५ मिनिटे ५६.२ सेकंद होती. फरक ५.६ सेकंदांचा.

शर्यत कुठे जिंकली गेली?

ब्लेरिओचे यंत्र हळू नव्हते. याच सप्ताहातील एका फेरीच्या स्वतंत्र स्पर्धेत त्याने ७ मिनिटे ४७.८ सेकंदांची वेळ देऊन कर्टिसला मागे टाकले. मग दोन फेऱ्यांत तो कसा हरला?

या प्रश्नाकडे साध्या भूमितीने पाहता येते. कर्टिसच्या वेगाने ५.६ सेकंदांत सुमारे ११८ मीटर अंतर जाते. आता समजा, दोन विमानांचा वेग अगदी सारखा आहे, पण एक विमान ठरलेल्या मार्गाच्या दहा मीटर बाहेरून उडते. बंद मार्गाच्या एका फेरीत त्याला सुमारे ६३ मीटर जास्त उडावे लागेल, मार्ग चौकोनी असो वा गोल. दोन फेऱ्यांत हे अंतर सुमारे १२६ मीटर होते. म्हणजे मनोऱ्यापासून दहा मीटर दूर राहण्याची किंमत जवळजवळ सहा सेकंद. चषक याहून कमी फरकाने हुकला होता.

वळणावर जवळून जाण्यासाठी विमान अधिक कलते करावे लागते आणि ते विश्वासाने करायचे तर कल ताब्यात ठेवणारी यंत्रणा चोख हवी. खांद्याच्या जुवाने चालणारे एलेरॉन आणि मोटारसायकलीवर घडलेले अंग, या दोन्हींचा कर्टिसला लाभ झाला. इंजिनाची शक्ती कमी असूनही त्याने आकाशातील मार्ग आखूड केला.

यश किती नाजूक होते, हे दुसऱ्याच दिवशी दिसले. २९ ऑगस्टला ब्लेरिओचे विमान कोसळून पेटले. तो दुखापतींवर निभावला. ल्यफेव्र इतका भाग्यवान ठरला नाही. ७ सप्टेंबरला एका चाचणी उड्डाणात त्याचा मृत्यू झाला. इंजिनावर चालणारे विमान स्वतः चालवताना प्राण गमावणारा तो जगातील पहिला वैमानिक. कर्टिस त्याच सप्टेंबरात इटलीतील ब्रेशियाच्या स्पर्धेत उतरला आणि तिथेही जिंकला. त्या गर्दीत तरुण फ्रान्झ काफ्का होता. त्याने त्या स्पर्धेवर लिहिलेला लेख आजही वाचला जातो.

न्यायालयातील शर्यत

मायदेशी कर्टिसचे जंगी स्वागत झाले; पण न्यायालयात त्याच्या बाजूने हवा नव्हती. राईट बंधूंचे १९०६ चे पेटंट पंख पिळण्यापुरते मर्यादित नव्हते. विमानाच्या दोन बाजूंचे कोन वेगवेगळे करून तोल सांभाळण्याच्या कल्पनेवरच त्यांचा दावा होता. एलेरॉन हे वेगळे साधन आहे आणि ते सुकाणूशी जोडलेले नाही, असे कर्टिसचे म्हणणे. जानेवारी १९१० मध्ये न्यायालयाने त्याच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि जानेवारी १९१४ मध्ये अपिलातही राईट यांचीच बाजू ग्राह्य ठरली. दरम्यान १९१२ मध्ये विल्बर राईट यांचे विषमज्वराने निधन झाले होते.

दोन्ही बाजूंना न्याय देऊन पाहिले तर हा वाद सोपा नाही. हवेत विमानाचा तोल कसा राखायचा, हे मूळ कोडे राईट बंधूंनी सोडवले, हे निर्विवाद. मात्र त्या कोड्याच्या प्रत्येक पुढच्या उत्तरावर त्यांचाच हक्क राहिला असता, तर इतरांनी सुधारणा कशा करायच्या, हा कर्टिसचा प्रश्नही खोटा नव्हता. खटल्यांच्या वर्षांत युरोपातील विमानविद्या झपाट्याने पुढे गेली. अखेर १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा सरकारच्या पुढाकाराने विमान कारखानदारांनी आपली पेटंटे सामायिक केली आणि हा संघर्ष निवळला.

कर्टिस मधल्या काळात थांबला नव्हता. मे १९१० मध्ये त्याने हडसन नदीच्या काठाने ऑल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत उड्डाण केले. जानेवारी १९११ मध्ये पाण्यावरून उडणारे त्याचे विमान यशस्वी झाले. त्याच महिन्यात यूजीन ईली या वैमानिकाने कर्टिसच्या द्विपंखी विमानातून युद्धनौकेच्या फळ्यांवर उतरून दाखवले. आजच्या विमानवाहू नौकांचा प्रवास तिथून सुरू होतो. पंख पिळण्याची पद्धत काही वर्षांतच मागे पडली, तर एलेरॉन आजही प्रवासी विमानाच्या खिडकीत बसणाऱ्या कोणालाही पंखाच्या टोकाजवळ हलताना दिसते.

१९२९ मध्ये या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. राईट आणि कर्टिस या नावांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि ‘कर्टिस-राईट’ ही नवी कंपनी उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी न्यायालयात समोरासमोर उभी असलेली दोन नावे एकाच पाटीवर लागली, तीही कर्टिसचे नाव आधी घेऊन. पुढच्याच वर्षी, २३ जुलै १९३० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी कर्टिसचे निधन झाले आणि हॅमंड्सपोर्ट या त्याच्या जन्मगावीच त्याला चिरविश्रांती देण्यात आली.